नऊ आठवड्यांची शाळा

(मंडळाच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी सायंकाळच्या आरतीनंतर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आरती झाली आहे, आतून मसालेभाताचा वास येतो आहे आणि मधे मी उभी आहे. म्हणजे माझी काय अवस्था आहे ते तुम्ही जाणताच. चिटणीसांनी मला पंचवीस मिनिटे दिली आहेत. विषय सांगितला तेव्हा ते जरा गप्प झाले आणि मग म्हणाले, "वहिनी, गणपतीसमोर मिशनऱ्यांवर भाषण?" मी म्हटले, "आधी ऐका तर. नाही पटले तर पुढच्या वर्षी मला फक्त मोदकांच्या समितीत घ्या."

माझे यजमान कंपनीच्या कामासाठी २०११ ते २०१६ अशी पाच वर्षे अमेरिकेतल्या यूटा राज्यात होते. ओरेम नावाच्या गावात आम्ही राहायचो. त्याला लागूनच प्रोव्हो. पूर्वेला वॉसॅच डोंगरांची भिंत, आणि प्रोव्होच्या डोंगरावर पांढरेशुभ्र, प्रचंड मोठे 'वाय' हे इंग्रजी अक्षर. ती तिथल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाची खूण. त्या विद्यापीठाला खेटून एक शाळा आहे. तिचे नाव मिशनरी ट्रेनिंग सेंटर. म्हणजे धर्मप्रचाराला निघालेल्या मुलामुलींना तयार करणारी शाळा.

हा सगळा मुलूख ज्यांना लोक मॉर्मन म्हणतात त्या पंथाचा. त्यांचे पूर्ण नाव चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. २०१८ पासून त्यांनी आग्रह धरला आहे की आम्हाला पूर्ण नावानेच ओळखा. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी हा पंथ स्थापन केला. पुढे फार विरोध झाला, स्मिथ मारले गेले, आणि १८४७ साली ब्रिगहॅम यंग यांच्यामागून ही माणसे बैलगाड्या घेऊन यूटाच्या ओसाड खोऱ्यात येऊन राहिली. म्हणजे तीही मुळात आपल्यासारखीच, घर सोडून आलेली.

या पंथात असे समजतात की तरुण मुलाने दोन वर्षे घरदार, शिक्षण, नोकरी बाजूला ठेवून धर्मप्रचार करावा. मुली गेल्या तर दीड वर्ष. पगार नाही. उलट खर्च स्वतःचा. अमेरिकेतल्या मुलांसाठी २०२० पासून तो महिन्याला ५०० डॉलर झाला. आमच्या वेळी ४०० होता. घरोघरी मुले लहानपणापासून त्यासाठी डबा भरत असतात. आपल्याकडे मुलीच्या लग्नासाठी आई एकेक वळे करून ठेवते ना, तसे.

आमच्या शेजारणीचा थोरला मुलगा असाच गेला. त्याच्यामुळे मला ही शाळा कळली. मी तिच्या वर्गात कधी बसलेले नाही. पण जाताना त्याला पोचवायला गेले, आत असताना त्याची पत्रे शेजारणीने मला वाचून दाखवली, आणि परत आल्यावर तो तिथेच शिकवायला लागला. त्यामुळे आत काय चालते ते मला बऱ्यापैकी ठाऊक आहे.

ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यांच्या अध्यक्षांनी जाहीर केले की मुलग्यांनी १९ ऐवजी १८ व्या वर्षी आणि मुलींनी २१ ऐवजी १९ व्या वर्षी जायला हरकत नाही. त्या दिवशी आमच्या गल्लीत दिवाळी असावी तशी धावपळ होती. शेजारीण मात्र कुंपणापाशी उभी राहून मला म्हणाली, "माझे एक वर्ष गेले." मला आधी कळलेच नाही. मग लक्षात आले. मुलगा आणखी एक वर्ष घरात राहील असे ती धरून चालली होती.

अर्ज केला की कुठे जायचे ते आपण ठरवायचे नाही. वरून हुकूम येतो. तेव्हा तो टपालाने मोठ्या पांढऱ्या पाकिटात यायचा. २०१८ च्या शेवटापासून तो संगणकावर यायला लागला. पाकीट एकट्याने फोडायचे नाही असा रिवाज. आजी-आजोबा, मित्र, शेजारी, सगळे जमतात. भिंतीवर जगाचा नकाशा लावलेला आणि ज्याने त्याने अंदाजाने चिठ्ठी चिकटवायची. मी आपली भारतावर चिकटवली. पाकीट फुटले आणि निघाले तैवान, भाषा चिनी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारणीनेही वाजवल्या, पण तिचे दुसऱ्याच क्षणी नकाशाकडे लक्ष गेले, आणि बोटाने ती अंतर मोजत होती ते मी पाहिले.

जून २०१३ मधला एक बुधवार. नवी मुले बुधवारी घेतात. शाळेसमोर रस्त्यापलीकडे त्यांचे मंदिर होते. त्याची ती इमारत २०२४ मध्ये बंद करून नव्याने बांधायला घेतली. त्या मंदिराच्या हिरवळीवर घरोघरची माणसे फोटो काढत होती. काळा सूट, पांढरा शर्ट, टाय, दोन मोठ्या बॅगा. मग गाडी फाटकातून आत जाते. ठरवून दिलेल्या जागी थांबते. आधीपासून शिकत असलेला एक मुलगा तिथे उभा असतो. तो बॅगा उतरवतो. आईने मिठी मारायची, वडिलांनी पाठीवर थाप मारायची, आणि गाडी पुढे काढायची, कारण मागे दुसरी गाडी उभी असते. पूर्वी म्हणे आत सभागृहात बसवून निरोप देत, आणि मग घरचे एका दाराने आणि मुले दुसऱ्या दाराने बाहेर पडत. त्यात रडारड फार होई. आता सगळे दोन मिनिटांत. मी मागच्या सीटवर होते. परत येताना गाडीत कुणी बोलले नाही. घरी आल्यावर शेजारीण म्हणाली, "त्याने मागे वळून पाहिले नाही." तिचे यजमान म्हणाले, "पाहिले असते तर गेला नसता."

आता आतले सांगते.

आत गेल्याबरोबर छातीवर लावायला काळी पाटी मिळते. त्यावर मुलाचे आडनाव आणि आधी 'एल्डर' हा शब्द. एल्डर म्हणजे वडीलधारा. अठरा वर्षांचा वडीलधारा! मुलींना 'सिस्टर'. पहिल्या नावाने हाक मारायची नाही. पाटीवर त्या दिवसापुरता एक नारिंगी ठिपका चिकटवतात. म्हणजे हा आजच आला आहे, वाट चुकला तर दाखवा. त्या ठिपक्याची ते आपसांत फार चेष्टा करतात, पण मला तो आवडला. आपल्या मंडळात नवीन कुटुंब येते तेव्हा ते कोपऱ्यात बसून राहते आणि आपण आपल्याच घोळक्यात गप्पा मारत असतो, तेव्हा मला त्या ठिपक्याची आठवण होते.

मग एक जोडीदार मिळतो. तोही तुम्ही निवडायचा नाही. झोपणे, जेवणे, अभ्यास, प्रार्थना, सगळे त्याच्याबरोबर. तो दिसेनासा होईल इतके लांब जायचे नाही. फक्त न्हाणीघरापुरती सूट. या थोरल्याचा जोडीदार आयडाहोच्या शेतकऱ्याचा मुलगा होता. तो मोठ्याने घोरायचा. पहिल्या पत्रात देवाचे नाव दोनदा आले होते आणि घोरण्याचे पाच वेळा.

सकाळी साडेसहाला उठायचे, रात्री साडेदहाला दिवे बंद. एका खोलीत चार-सहा जण, एकावर एक पलंग. मधे न्याहारी, वर्ग, स्वतःचा अभ्यास, जोडीने अभ्यास, पुन्हा वर्ग, तासभर खेळ, पुन्हा वर्ग. टीव्ही नाही, सिनेमा नाही, नेहमीची गाणी नाहीत. मंगळवारी संध्याकाळी सगळ्यांची मोठी सभा, त्यात कुणी ज्येष्ठ येऊन बोलणार आणि शेकडो मुलांचे गायन. आठवड्यात एक दिवस मोकळा. मोकळा म्हणजे कपडे धुणे, केस कापणे आणि घरी पत्र लिहिणे. जगाच्या एका मोठ्या नकाशापुढे उभे राहून आपल्या देशावर बोट ठेवून फोटो काढायचा, तो प्रत्येकाने काढायचाच.

जेवण मात्र भरपूर. मोठ्या खानावळीत हवे ते, हवे तेवढे, त्यात आइस्क्रीम. मुलांची वजने वाढतात. पण चहा नाही! या पंथात चहा, कॉफी, दारू, तंबाखू काहीच चालत नाही. शेजारीण पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा मी आपुलकीने आले घालून चहा केला. तिने कप हातात धरून ठेवला आणि खूप वेळाने सांगितले. मग मी लिंबू सरबत केले. आणि उपास! महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन जेवणे सोडायची, पाणीसुद्धा नाही, आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी द्यायचे. मी तिला साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस यांबद्दल सांगितले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मग उपास कधी?" त्या प्रश्नाचे उत्तर मी आजतागायत दिलेले नाही.

पण मंडळी, मला तुमच्यापुढे आणायची आहे ती तिथली भाषेची शिकवणी.

या शाळेची सुरुवात गमतीदार आहे. १९६१ साली मेक्सिको आणि अर्जेंटिनाला जाणाऱ्या काही मुलांचे व्हिसा अडकले. आपल्यापैकी कितीजणांनी व्हिसाच्या रांगेत दिवस काढले आहेत ते मला माहीत आहे. ही मुले रिकामी बसण्यापेक्षा स्पॅनिश शिकू देत, म्हणून विद्यापीठात त्यांचा वर्ग सुरू केला. त्या वर्गातून ही शाळा वाढली. १९७८ पासून तिला आजचे नाव आहे. आता तिथे पन्नासहून अधिक भाषा शिकवतात आणि एका वेळी साडेतीन हजारांहून अधिक मुले राहू शकतात. इंग्रजी बोलणाऱ्या देशात जायचे तर दोन-तीन आठवडे, स्पॅनिशला सुमारे सहा, चिनी-जपानीसारख्या भाषांना नऊ. २०१२ मध्ये वयाची अट खाली आणली तेव्हाच ही मुदतही सुमारे एक तृतीयांशाने कमी केली, कारण मुलांचा लोंढाच आला.

नऊ आठवड्यांत चिनी! आम्ही हसलो होतो. आमच्या घरातला इंजिनिअर म्हणाला, "अशक्य आहे."

पहिल्या दुपारी, आईला सोडून तास-दोन तास झाले असतील, मुले वर्गात बसतात. दहा-बारा जणांचा लहानसा वर्ग. शिक्षक आत येतो आणि सरळ चिनीत बोलायला लागतो. इंग्रजी शब्द नाही. हातवारे करतो, चित्र काढतो, पुन्हा बोलतो. तो शिक्षक म्हणजे कुणी पंडित नव्हे. तोही विशी-बाविशीतला विद्यापीठातला विद्यार्थी, नुकताच तैवानहून दोन वर्षे काढून आलेला. काही दिवसांतच, आठवडासुद्धा झालेला नसताना, मुलांना जोडीने एका खोलीत पाठवतात. तिथे एक माणूस बसलेला असतो. हा तैवानमधला गृहस्थ आहे असे समजा, दार वाजवा आणि त्याच्याशी चिनीत बोला. बहुतेक वेळा तो आपलाच शिक्षक असतो. पण तो आता शिक्षक नसतो. मिशनवर असताना त्याला खरोखर भेटलेल्या एखाद्या माणसासारखा तो वागतो. तो रागावतो, कंटाळतो, बायको आजारी आहे म्हणून सांगतो.

थोरल्याने लिहिले होते की पहिल्या वेळी वीस मिनिटांत त्यांना सहा वाक्ये आली आणि उरलेला वेळ घाम पुसण्यात गेला. चिनीत स्वर चढवला-उतरवला की अर्थ फिरतो. 'माय' एका सुरात म्हटले तर विकत घेणे, दुसऱ्या सुरात म्हटले तर विकणे. हा त्या गृहस्थाला सांगत होता की आम्ही काही विकायला आलो नाही, आणि प्रत्यक्षात म्हणत होता की आम्ही काही विकत घ्यायला आलो नाही. गृहस्थ म्हणाला, "माझ्याकडे विकायला काही नाहीच." मग तिघेही हसले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच खोली, तोच गृहस्थ. कालच्या चुका घेऊन पुन्हा जायचे. असे नऊ आठवडे.

यात खोट नाही असे नाही. परत आल्यावर तो सांगायचा की पश्चात्ताप, क्षमा, मोक्ष हे शब्द तोंडपाठ होते, पण तैवानला उतरल्यावर पहिल्या घरी काटा-चमचा मागता येईना. नऊ आठवड्यांत भाषा येत नाही. नऊ आठवड्यांत भीती जाते. भाषा पुढे लोक शिकवतात. हे वाक्य त्याचे आहे, माझे नाही.

आणि प्रत्येकाला झेपतेच असेही नाही. आमच्याच गल्लीतला दुसरा एक मुलगा पाचव्या आठवड्यात घरी परत आला. झोप नाही, जेवण नाही, सतत रडू. ज्या रस्त्यावर त्याच्या पाकिटासाठी पन्नास माणसे जमली होती, त्या रस्त्यावर आता लोक त्याच्या घरावरून जाताना मान खाली घालत होते. काय बोलावे ते कुणाला सुचत नव्हते. मलाही सुचले नाही, आणि मी गेले नाही, हे मी इथे कबूल करते. माझी शेजारीण गरम पाव घेऊन गेली आणि त्याच्या आईशेजारी तासभर बसून आली. काय बोललीस विचारले तर म्हणाली, "काही नाही. पाव कापला." आपल्याकडेही परीक्षा सोडून, हॉस्टेल सोडून परत आलेली मुले असतात. त्यांच्या घरी कोण जाते?

तेव्हा आईशी फोनवर बोलायची परवानगी वर्षातून दोनदा. नाताळ आणि मातृदिन. बाकी आठवड्याला एक ई-मेल. मातृदिनाच्या त्या एका तासासाठी शेजारीण आठ दिवस आधीपासून कागदावर मुद्दे लिहायची, आणि तो पडद्यावर दिसला की कागद बाजूला राहायचा. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला फोन करता येतो. हे कळले तेव्हा मी भारतात परत आले होते. तिने मला लिहिले, "माझ्या वेळी का नाही?"

२०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे ही शाळा ओस पडली. वर्ग संगणकावर सुरू झाले. तिची धाकटी त्या वर्षी निघायची होती. ती सहा आठवडे स्वतःच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, स्कर्ट-ब्लाउज घालून आणि काळी पाटी लावून स्पॅनिश शिकली. २०२१ च्या उन्हाळ्यात मुले पुन्हा आत राहायला जाऊ लागली, पण पहिले काही दिवस घरूनच शिकायची पद्धत पुढेही राहिली. शेजारीण म्हणते, थोरल्याचा निरोप दोन मिनिटांत उरकला, धाकटीला सहा आठवडे रोज निरोप देत होते.

आता ज्या प्रश्नाने चिटणीस गप्प झाले होते तो. धर्मांतराचे काय?

मी आडपडदा ठेवत नाही. दुसऱ्याच्या दारात जाऊन 'तुझ्या देवापेक्षा माझा खरा' म्हणणे मला पटत नाही. पटणार नाही. आमच्या दारावरही अशी जोडी आली होती. उन्हाने लाल झालेली दोन मुले. मी पाणी दिले आणि सांगितले की माझ्याकडे गणपती आहे, मी समाधानी आहे. शेजारणीने तिचा ग्रंथ मला भेट दिला, तो मी कपाटात वरच्या फळीवर नीट ठेवला. वाचून पूर्ण केला नाही, पण त्याला पाय लागू दिला नाही. ती माझ्याकडे गणपतीला यायची, आरतीला मागे उभी राहायची, प्रसाद घ्यायची. आम्ही एकमेकींना बदलले नाही. पाच वर्षांत आम्ही त्यावर भांडलोही नाही.

पण एखाद्या गोष्टीचा हेतू आपल्याला पटला नाही म्हणून तिच्यातले कष्ट दिसू नयेत असे थोडेच आहे? आपल्या मराठीनेच हे पाहिले आहे. फादर स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याने आपली भाषा अशी शिकून घेतली की १६१६ साली त्याचे मराठी ओवीबद्ध क्रिस्तपुराण छापून निघाले. विल्यम कॅरीने तिकडे बंगालात, श्रीरामपूरला बसून १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले. तो मराठी शिकला ते वैजनाथ पंडितांच्या मदतीने. अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४२ साली अहमदनगरला ज्ञानोदय सुरू केले. त्यांचा हेतू त्यांच्यापाशी. पण त्यांना आपल्याशी बोलायचे होते, म्हणून ते आपल्या भाषेच्या पायऱ्या चढून आले.

आणि आता मी माझ्याकडे वळते.

२०१६ मध्ये आम्ही बंगळूरला आलो. थोरला निघायच्या आधी निरोप घ्यायला आला होता. तोवर तो त्या शाळेत चिनी शिकवत होता. म्हणाला, "काकू, मला मराठी शिकवा." काकू हा शब्द मीच त्याला दिला होता. मी अ, आ, इ पासून सुरुवात केली. तो म्हणाला, "अक्षरे नकोत. मी तुमच्या दारात आलो तर काय बोलेन ते सांगा." मग त्याने स्वतःच पाच वाक्ये मागून घेतली. आत येऊ का? पाणी द्याल का? याला काय म्हणतात? पुन्हा एकदा सांगाल? छान झाले आहे! अर्ध्या तासात पाचही पाठ. मग बाहेर जाऊन बेल वाजवली आणि "काकू, आत येऊ का?" असे म्हणत आत आला. तुम्हाला सांगते, त्या दिवशी माझे पार्सल बांधायचे राहिले आणि मी त्याला थालीपीठ करून घातले.

त्यानंतर इथे आल्यावर मी काय केले? सहा महिने फक्त दोनच शब्द बोलले. तुम्हाला ते माहीत आहेत. "कन्नड गोत्तिल्ल." कन्नड येत नाही. रिक्षावाल्याला, भाजीवालीला, वॉचमनला, कामाला येणाऱ्या बाईला. हे मी असे म्हणायची की जणू ते माझे ओळखपत्रच. आणि कुणी हिंदीत बोलले नाही तर मलाच राग यायचा. तिकडे मुंबईत, पुण्यात कुणी वर्षानुवर्षे राहून मराठी शिकत नाही म्हणून आपण किती चिडतो! मी चिडते. पण इथे मी त्याच जागी उभी होते आणि माझ्या ते ध्यानातच आले नाही.

एका गौरीच्या आदल्या दिवशी बाजारात फूलवालीपुढे उभी होते. गजरा मोजून मागायला शब्द नव्हता. मी बोटाने दाखवत होते. माझ्या पुढची म्हातारी म्हणाली, "एक मोळ." कोपरापासून बोटांपर्यंत. म्हणजे आपला हातच की! त्या क्षणी मला त्या पोराची आठवण झाली. मी फूलवालीला विचारले, मोडकेतोडके, "इदक्के एनंतारे?" याला काय म्हणतात? हे एकच वाक्य मी शेजारच्या मावशींकडून शिकले होते. ती हसली. चेष्टेने नाही. तिने मला मल्लिगे, सेवंतिगे, तुळशी, एकेक फूल उचलून दाखवले आणि शेवटी अर्धा मोळ जास्त दिला.

मग मी त्याची पाचही वाक्ये कन्नडमध्ये करून घेतली. ओळगे बरबहुदा? नीरु कोडि. इदक्के एनंतारे? इन्नोम्मे हेळि. चेन्नागिदे! आणि एक माझ्या मनाने वाढवले, तप्पादरे हेळि. चुकले तर सांगा. हे सहावे वाक्य सगळ्यात उपयोगी. ते म्हटले की समोरचा माणूस आपला शिक्षक होतो.

म्हणून मंडळाला माझी एक सूचना आहे. दरवर्षी आपण या दहा दिवसांत एवढी माणसे जमवतो. मग पुढचे नऊ आठवडे, फक्त नऊ, दर शनिवारी याच सभागृहात एक तास कन्नडचा वर्ग घेऊ. पुस्तक नाही, परीक्षा नाही. दोघा-दोघांच्या जोड्या. पलीकडच्या सोसायटीतल्या कन्नड मैत्रिणींना बोलावू, त्या खुर्चीवर बसतील आणि आपण दार वाजवून आत जाऊ. आठवडाभर जे शिकलो ते रोज एका माणसाशी बोलायचे. आणि त्याच वेळी शेजारच्या खोलीत आपल्या मुलांची मराठीची जोडी. आपली मुले मराठी बोलताना चुकली की आपण हसतो, आणि मग ती इंग्रजीत उत्तर देतात. त्यांचे काय चुकते? ज्या खोलीत चुकायची सोय नाही तिथे कुणी शिकत नाही. फोनवर आजीशी बोलताना नातवाला पाच वाक्ये यावीत, एवढेच उद्दिष्ट ठेवू.

ती मुले दुसऱ्याची भाषा शिकतात कारण त्यांना काही सांगायचे असते. आपल्याला कुणाला काही पटवायचे नाही. आपल्याला फक्त इथे नीट राहायचे आहे. शेजारी म्हणून. त्याला तर आणखी कमी शब्द लागतील.

ज्यांना यायचे आहे त्यांनी जेवणानंतर माझ्याकडे नावे द्यावीत. मी वही आणली आहे. पहिले नाव चिटणीसांचे लिहून ठेवले आहे, त्यांना न विचारता. आणि हो, नव्याने आलेल्यांसाठी नारिंगी टिकल्यांचे पाकीटही आणले आहे. आज जे पहिल्यांदा आले असतील त्यांनी एक लावावी, आणि बाकीच्यांनी टिकली दिसली की आपणहून बोलायला जावे.

वेळ झाली. मसालेभात गार होऊ देऊ नका. एवढे बोलून मी आपली रजा घेते.

गणपती बाप्पा मोरया!